आलांसोंची लेसवाली : संत झेली मार्टिन



आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार आपण तान्हे असताना झाला. तो दिवस आपल्याला आठवत नाही. माहीत असतो तो दाखला. शाळेत नाव घालताना किंवा लग्न ठरल्यावर तो शोधायचा, त्याची झेरॉक्स काढायची आणि पुन्हा कपाटात ठेवून द्यायचा. धर्मग्रामाच्या नोंदवहीतली एक ओळ सांगते की, आपण ख्रिस्ताचे झालो. पण सोमवारी सकाळी लोकल पकडताना, दुकानाचे शटर वर करताना, वाडीत पाणी सोडताना किंवा दवाखान्यात रात्रपाळी करताना त्या ओळीचे काय होते? रविवारची मिस्सा झाली की, तीही दाखल्याबरोबर कपाटात जाते का?

या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधल्या एका बाईने आपल्या जगण्यातून दिले आहे. ती मठात राहत नव्हती. तिने धर्मप्रांतात काही मोठे कार्य उभे केले नाही. ती लेसचा धंदा करीत होती आणि नऊ मुलांची आई होती. तिच्या सर्वांत धाकट्या मुलीला आपण सगळे ओळखतो. आपल्या कित्येक घरांत त्या मुलीची तसबीर आहे, हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. बाळ येशूची संत तेरेजा, म्हणजेच आपली लिटल फ्लॉवर. तिची आई झेली मार्टिन हीसुद्धा आज संत आहे. मुलीचे नाव एवढे मोठे झाले की, आईची ओळख आपल्याला थोडी उशिरानेच झाली. आज आपण ती करून घेऊ या.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, आलांसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. दुसऱ्याच दिवशी, नाताळच्या आदल्या दिवशी, गावच्या चर्चमध्ये तिचा स्नानसंस्कार झाला. वडील पोलीसदलात होते. आईवडील दोघेही श्रद्धावंत, पण घरातली शिस्त कडक आणि मायेचा शब्द कमी. झेलीला लहानपणी साधी बाहुलीसुद्धा मिळाली नाही. त्यात डोकेदुखीचा त्रास. मोठेपणी आपल्या बालपणाविषयी लिहिताना तिच्या लेखणीतून दुःखच उतरत असे. तिला सावरले ते तिच्या थोरल्या बहिणीने. ही बहीण पुढे ल मान्स इथल्या मठात धर्मभगिनी झाली. दोघींचे शेवटपर्यंत एकमेकींशी गूळपीठ होते.

झेलीलाही धर्मभगिनीच व्हायचे होते. आजारी आणि गोरगरिबांची सेवा करावी म्हणून ती आलांसोंच्या रुग्णालयात संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या भगिनींकडे गेली. तिथल्या प्रमुख भगिनींनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि सांगितले की, हे तुझे पाचारण नाही. दार बंद झाले. विशीच्या आतल्या मुलीला हा केवढा धक्का असेल! देवाला आपण सगळे द्यायला निघालो आणि देवाच्याच दारातून परत पाठवले गेलो, असे कुणालाही वाटले असते. झेलीने मात्र त्या दिवसांत एक साधी प्रार्थना केली. मठ आपल्या वाट्याला नसेल तर आपण लग्न करू. देवाने पुष्कळ मुले द्यावीत आणि ती सगळी त्याचीच व्हावीत.

पण पोटापाण्याचे काय? हुंड्याला पैसे नव्हते. ८ डिसेंबर १८५१ रोजी, निष्कलंक मातेच्या सणादिवशी, कामात असताना तिला अंतःकरणातून एक सूचना मिळाल्यासारखे झाले: आलांसोंची लेस करावी. तिने ते मनावर घेतले, शिक्षण घेतले आणि १८५३ च्या अखेरीस, बावीस वर्षांची असताना, बहिणीच्या मदतीने स्वतःचा धंदा सुरू केला.

ही लेस म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ या. आलांसोंची लेस पूर्णपणे सुईने करतात. आधी चर्मपत्रावर नक्षीची टोचणी करायची, मग दोऱ्याने तिची रेघ आखायची, मग पार्श्वभूमीची बारीक जाळी विणायची, मग फुलेपाने भरायची आणि शेवटी लेस चर्मपत्रापासून हलक्या हाताने सोडवायची. एक चौरस सेंटिमीटर लेस करायला सात तासांच्या आसपास वेळ लागतो. युनेस्कोने २०१० साली या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. झेलीच्या काळी लेसचे छोटे छोटे तुकडे अनेक बायका आपापल्या घरी करीत. प्रत्येकीचा टाका वेगळा, प्रत्येकीचे काम वेगळे. हे सगळे तुकडे जोडून एक अखंड लेस करणे हे सर्वांत अवघड काम, आणि ते झेली स्वतः करायची. जोड कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. कळला, तर काम फसले. म्हणजे तिचे कौशल्य जितके मोठे, तितके ते दिसत नसे.

१८५८ साली तिची लुई मार्टिनशी गाठ पडली. लुई घड्याळजी होता. आलांसोंमध्ये त्याचे घड्याळांचे आणि दागिन्यांचे दुकान होते. तोही मठाच्या दारातून परत आलेला. तरुणपणी तो आल्प्स पर्वतातल्या संत बर्नार्डच्या मठात गेला होता. लॅटिन शिकून ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने प्रयत्न केला, पण ते जमले नाही. १३ जुलै १८५८ रोजी, तिथल्या रिवाजाप्रमाणे मध्यरात्री, आलांसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये दोघांचे लग्न झाले. झेली सव्वीस वर्षांची, लुई चौतीस वर्षांचा. सुरुवातीचे दहा महिने ते भावाबहिणीसारखे राहिले, कारण मठातले जीवनच अधिक पवित्र, असे त्यांच्या मनात होते. मग एका धर्मगुरूंनी त्यांना योग्य सल्ला दिला. लग्न हेही पाचारणच आहे, मुलाबाळांचा संसार हाही देवाकडे जाणारा रस्ता आहे, हे त्यांनी स्वीकारले.

दोघांचा दिवस पहाटे साडेपाचच्या मिस्सेने सुरू व्हायचा. त्या वेळी कष्टकरी आणि गरीब माणसेच मिस्सेला असत. त्यानंतर काम. लुईचे दुकान रविवारी बंद असे. रविवारी खेड्यापाड्यांतले लोक बाजाराला येत, दागिन्यांची खरेदी त्याच दिवशी होई. बाजूचे दार तरी उघडे ठेव, असे हितचिंतक सांगत. लुईने ते मानले नाही. प्रभूच्या दिवसाला तोटा झाला तरी चालेल, हा दोघांचा निर्णय होता.

झेलीकडे गुरुवारी गडबड असायची. कामकरी बायका तयार तुकडे घेऊन यायच्या, नवे काम आणि दोरा घेऊन जायच्या. ती प्रत्येक टाका तपासायची. खराब काम तिला चालत नसे, कारण गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशाचे मोल झाले पाहिजे. पण ज्या बाईने काम केले, तिची मजुरी वेळेवर मिळालीच पाहिजे, हेही तितकेच ठाम. देणेकऱ्याला ताटकळत ठेवणे या घराला मान्य नव्हते. या बायका तिला घरच्या माणसांसारख्या होत्या. रविवारी सायंप्रार्थना झाल्यावर ती त्यांच्यापैकी आजारी असलेल्यांना भेटायला जायची, काय हवे-नको ते पाहायची. घरातली मोलकरीण आजारी पडली, तेव्हा तिला तिच्या आईबापांकडे न पाठवता झेलीने रात्रंदिवस तिची शुश्रूषा केली. मोलकरणीचा जीव लागायचा असेल तर तिच्यावर माया करावी लागते, तिला परकी मानून चालत नाही, असे तिचे मत होते.

बंधुभगिनींनो, आपण इथे थोडे थांबू या. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई, आपल्या बांधकामावरचा मजूर, आपल्या वाडीत कामाला येणारी माणसे, यांचे पैसे आपण कधी देतो? महिना संपल्यावर तिने दोनदा मागितल्यावर? आपण रोज रोझरी म्हणतो आणि तिची हजेरी कापतो, असे तर होत नाही ना? झेलीच्या पवित्रपणाची सुरुवात तिच्या हिशेबाच्या वहीपासून झाली होती, हे आपण विसरता कामा नये.

असे वाटू नये की, तिला काम नेहमी गोड वाटे. ही लेस म्हणजे गुलामगिरी आहे, अशी कुरकुर तिने पत्रांतून कितीदा तरी केली आहे. मागणी जास्त आली की, जेवायला फुरसत नसे, रात्री उशिरापर्यंत डोळे फोडावे लागत. मागणी नसली की, बायकांना काय काम द्यायचे, ही काळजी. सगळे सोडून मुलांमध्ये राहावे असे तिला वाटे. पण मुलींच्या शिक्षणाचा खर्च होता आणि इतक्या बायकांची चूल त्या कामावर पेटत होती. १८७० साली लुईने आपले दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्यात तो मदतीला आला. पॅरिसच्या गिऱ्हाइकांकडे जाणे, मागणी आणणे, हिशेब ठेवणे ही कामे तो करू लागला. त्या काळात नवऱ्याने स्वतःचे दुकान बंद करून बायकोच्या हाताखाली काम करावे, ही साधी गोष्ट नव्हती. लुईने त्याचा बाऊ केला नाही.

१८६० ते १८७३ या काळात त्यांना नऊ मुले झाली. प्रत्येक बाळाच्या नावाची सुरुवात मरियेच्या नावाने झाली. प्रत्येक बाळाचा स्नानसंस्कार होईल तितक्या लवकर व्हावा, यावर झेलीचा कटाक्ष असे. आज आपण हॉल मिळेपर्यंत, परदेशातला मामा येईपर्यंत, केटररची तारीख जुळेपर्यंत थांबतो. तेरेजा २ जानेवारी १८७३ रोजी जन्मली आणि धर्मपित्यासाठी थांबावे लागल्याने तिचा स्नानसंस्कार ४ जानेवारीला झाला. त्या दोन दिवसांत आईच्या जिवाची घालमेल झाली. बाळ आपले आहे, पण त्याहून आधी ते देवाचे आहे, हे तिच्यासाठी बोलण्यापुरते नव्हते.

त्याची किंमत तिने मोजली. १८६७ च्या फेब्रुवारीत पाच महिन्यांचा जोसेफ गेला. त्यानंतर आलेला दुसरा जोसेफही १८६८ च्या ऑगस्टमध्ये आठ महिन्यांचा होऊन गेला. दहा दिवसांनी तिचे वडील वारले. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची हेलेन आईच्या कुशीत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दीड-दोन महिन्यांची मेलानी गेली. जिच्याकडे तिला दूध पाजायला ठेवले होते, त्या बाईने बाळाची आबाळ केली होती. चार वर्षांच्या आत चार मुले! आयाबायांनो, या आईचे काळीज कसे झाले असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

लोक समजूत घालायला येत आणि म्हणत की, ही मुले जन्मलीच नसती तर बरे झाले असते. झेलीला हे बोलणे सहन होत नसे. तिचे म्हणणे असे की, मुले कायमची हरवलेली नाहीत. आयुष्य थोडे आहे आणि ती आपल्याला स्वर्गात पुन्हा भेटणार आहेत. ती रडत नव्हती असे नाही. ती खूप रडली. पण स्नानसंस्काराच्या पाण्याने त्या बाळांचे जे नाते ख्रिस्ताशी जडले होते, ते कबरीत संपत नाही, यावर तिचा विश्वास होता. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई हातात घ्यावीच लागे. बायका गुरुवारी यायच्या होत्या.

तिचे लक्ष स्वतःच्या घरापुरते नव्हते. शहरात धर्मभगिनींसारखा पोशाख करून दोन बायका राहत होत्या. त्या धर्मभगिनी नव्हत्या. त्यांनी एका गरीब घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला शिकवण्यासाठी म्हणून जवळ ठेवले होते. मुलगी उपाशी आणि भेदरलेली आहे हे झेलीच्या लक्षात आले. तिने मुलीला खाऊ घातले, तिच्या आईला कळवले आणि प्रकरण पोलीस अधिकाऱ्यापर्यंत नेले. समोरच्या बायकांनी तिच्यावर उलट आरोप केले. झेलीला अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागले. ती घाबरली होती, पण मागे हटली नाही. मुलगी सुटली. धर्माचा पोशाख घालून कोणी लेकराला छळत असेल, तर पोशाखाकडे पाहून गप्प बसायचे नाही, हे एका साध्या गृहिणीने दाखवून दिले.

स्वतःच्या घरात मात्र तिला एक गोष्ट फार उशिरा दिसली. तिसरी मुलगी लिओनी हट्टी, चिडकी; शाळेतूनही तिला परत पाठवले होते. आईने सगळे उपाय केले, प्रार्थना केल्या, रागावून पाहिले, काही उपयोग होईना. १८७७ साली थोरल्या मुलीमुळे उघडकीस आले की, घरातली विश्वासू मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकात ठेवत होती. आईचे ऐकायचे नाही, माझेच ऐकायचे, असा तिचा दरारा होता. झेलीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने लिओनीला आपल्या जवळ ओढून घेतले. हळूहळू मुलगी मऊ झाली, आईला बिलगू लागली. आता या मुलीसाठी तरी आपल्याला जगले पाहिजे, असे झेलीला वाटू लागले.

पण दिवस थोडे उरले होते. १८६५ सालीच तिच्या छातीत गाठ जाणवली होती. तेव्हा त्यावर काही झाले नाही. डिसेंबर १८७६ मध्ये डॉक्टरांनी सांगितले की, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. ती घरी आली, घरच्यांना खरे ते सांगितले आणि कामाला बसली. १८७७ च्या फेब्रुवारीत तिची लाडकी धर्मभगिनी बहीण वारली. जूनमध्ये मरी, पोलीन आणि लिओनी या तिघी मुलींना घेऊन ती लुर्ड्सच्या यात्रेला गेली. प्रवासात हाल झाले. तिने चार वेळा त्या थंडगार पाण्यात स्नान केले. ती बरी झाली नाही. मुली खट्टू झाल्या. आईच त्यांची समजूत काढत राहिली.

आपणही मतमाऊलीकडे, वेलंकनीला नवस घेऊन जातो. मागितलेले मिळाले की, मेणबत्ती लावतो. मिळाले नाही तर? झेलीला मिळाले नाही. ती परत आली आणि उरलेली कामे पुरी करू लागली. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी ती वेदना सोसत, थांबत थांबत मिस्सेला गेली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्रीनंतर तिने प्राण सोडला. ती पंचेचाळीस वर्षांची होती. तेरेजा साडेचार वर्षांची.

पुढे लुई पाच मुलींना घेऊन मेहुण्याच्या आधाराने लिझ्यूला राहायला गेला. चौघी मुली कार्मेल मठात गेल्या. जिची सर्वांत जास्त काळजी होती, ती लिओनी अनेकदा मठात जाऊन परत आली; शेवटी १८९९ साली कां शहरातल्या मठात ती कायमची राहिली आणि १९४१ साली तिथेच वारली. २०१५ साली तिच्याही संतपदाच्या प्रक्रियेला सुरुवात झाली. आईच्या डोळ्यांतले पाणी वाया गेले नाही.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत दृष्टांत नाहीत, चमत्कार नाहीत. दात येणारी बाळे, लेसच्या मागण्या, दुधाचे भाव, तापाची औषधे, मुलींचे कपडे आणि या सगळ्यांच्या मधोमध देव. ख्रिस्तसभेने हे जीवन नीट पारखले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू इथे लुई आणि झेली यांना धन्य घोषित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबाविषयीची सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. एकाच वेळी पतिपत्नीला संत घोषित करण्याचा हा पहिलाच प्रसंग. १२ जुलैला त्यांचा सण असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) सांगितले की, पवित्र होण्याचे आमंत्रण स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला आहे आणि प्रापंचिकांनी ते आपल्या रोजच्या कामधंद्यात जगायचे आहे. झेलीने ते परिषदेच्या शंभर वर्षे आधी, एका लेसच्या दुकानात जगून दाखवले. मठाने नाही म्हटले म्हणून तिचे पाचारण संपले नाही. तिचे पाचारण स्नानसंस्काराच्या दिवशीच ठरले होते. फक्त ते कुठे जगायचे, एवढे कळायचे बाकी होते.

आपल्या धर्मग्रामातही कितीतरी जणांना वाटते की, देवाचे काम म्हणजे फादर आणि सिस्टर यांचे काम. आपण फार तर वाचन करायचे, गायनमंडळात गायचे, सणाला वर्गणी द्यायची. ते सगळे चांगलेच आहे. पण परिचारिकेने रात्री तीन वाजता म्हाताऱ्या रुग्णाची कूस बदलणे, रिक्षावाल्याने मीटरप्रमाणेच पैसे घेणे, मासळीवालीने शिळे ते शिळे म्हणून सांगणे, कारकुनाने गरिबाची फाइल चहापाण्यासाठी न अडवणे, सुनेने आणि सासूने एकमेकींचे ऐकून घेणे, या कामांना कोणी टाळ्या वाजवत नाही. लेसच्या जोडासारखी ती दिसतही नाहीत. पण ती नीट झाली नाहीत, तर ख्रिस्ती घर आणि ख्रिस्ती गाव उसवते.

या आठवड्यात आपण एक करू या. कपाटातला दाखला काढून आपल्या स्नानसंस्काराची तारीख पाहू या, मुलांना त्यांची सांगू या. आणि कुणाची मजुरी, कुणाचे देणे आपल्याकडे राहिले असेल, तर ते येत्या रविवारच्या मिस्सेआधी चुकते करू या. संत झेली आणि संत लुई आपल्या धर्मग्रामातल्या प्रत्येक घरासाठी, विशेषतः लेकरू गमावलेल्या आईबापांसाठी आणि आजाराशी झुंजणाऱ्या आयांसाठी प्रभूकडे विनंती करोत.